भर दुकानात लोळण घेतलेलं मूल आणि तुम्ही

तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांशी बोलायला बसलं की एक प्रश्न हमखास येतो: "तो थयथयाट करायला लागला की दुर्लक्ष करायचं की जवळ घ्यायचं?" विचारणाऱ्यांच्या पदरात तोवर निदान तीन सल्ले पडलेले असतात. घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, एक रट्टा दिला की गप्प बसतं. बालवाडीतल्या बाई सांगतात, बघूच नका, आपोआप थांबेल. मोबाइलवरचा कुठला तरी व्हिडिओ सांगतो, घट्ट मिठी मारा. आईवडील सोमवारी एक करून बघतात, मंगळवारी दुसरं, आणि गुरुवारी थकून मुलाच्या हातात मोबाइल देतात. मुलाला मात्र या चार दिवसांत एवढंच कळतं की जोर लावला तर काहीतरी हाताला लागतं.

म्हणून आधी थेट उत्तर. दुर्लक्ष करायचं ते मागणीकडे, मुलाकडे नाही. मागितलेली वस्तू रडण्याने मिळणार नाही, पण रडताना तुम्ही मात्र मिळाल. या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात. कशा, ते पुढे सांगते.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. साधारण दीड ते चार वर्षांच्या वयात असे झटके येणं हा वाढीचा भाग आहे. काय हवंय ते मुलाला पक्कं कळतं, ते सांगायला शब्द पुरत नाहीत आणि स्वतःला आवरण्याची ताकद अजून आलेली नसते. त्यामुळे अडीच वर्षांचं मूल रोज एकदा भोकाड पसरतं म्हणून "आमचंच काही चुकलं" असं मनाला लावून घेऊ नका. चार पूर्ण झाल्यावर मात्र हे प्रमाण उतरणीला लागायला हवं. तसं होत नसेल तर काय करायचं, तेही खाली आहे.

हट्ट आहे की मूल कोलमडलंय?

बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तोच आरडाओरडा, तीच लोळण. पण आत घडत असतं ते वेगळं, आणि तुम्ही काय करायचं ते त्यावरच ठरतं.

हट्ट असेल तर साधारण असं दिसतं:

- मूल रडता रडता मध्येच थांबून तुमच्याकडे बघतं.
- तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात तर मागोमाग येतं आणि तिथे पुन्हा लोळण घेतं.
- मागितलेली वस्तू हातात पडली की क्षणात रडं थांबतं.

मूल कोलमडलं असेल तर चित्र वेगळं असतं:

- मागितलेलं दिलं तरी थांबत नाही. पोळी मोडली म्हणून रडं सुरू झालं, अख्खी पोळी दिली तरी नको, आधीचीच जोडून हवी.
- मागण्या बदलत जातात. पाणी हवं, आणलं तर या पेल्यात नको, निळ्या पेल्यात, निळा आणला तर तोही भिरकावला.
- नजर तुमच्यावर नसते, कशावरच नसते.
- जवळ घ्यायला गेलात तर ढकलतं आणि दूर गेलात तर आणखी रडतं.

पहिल्या प्रकारात मागणीवर ठाम राहायचं आणि फार बोलायचं नाही. दुसऱ्यात मागणी हा विषयच उरलेला नसतो. भूक, झोप, गोंगाट, थकवा यांनी मूल भरून आलेलं असतं आणि मोडलेली पोळी हे नुसतं निमित्त ठरतं. तिथे त्याला तुमचं जवळ असणं लागतं.

बऱ्याचदा सुरुवात हट्टाने होते आणि शेवट कोलमडण्यात. कोणता प्रकार आहे ते कळत नसेल तर दुसरा धरून चाला. जवळ बसल्याने मूल बिघडत नाही. रडल्यावर वस्तू हातात ठेवल्याने मात्र पुढच्या रडण्याची सोय होते.

त्या पाच-दहा मिनिटांत

१. जागा सुरक्षित करा. टेबलाचा कोपरा, गॅस, जिना, गॅलरी, रस्ता यांपासून मुलाला दूर न्या. डोकं आपटत असेल तर खाली उशी किंवा तुमचा हात सरकवा. फेकण्यासारख्या वस्तू मुकाट्याने उचला.

२. खाली बसा. उभ्याने वाकून बोलणारं मोठं माणूस मुलाला धमकावल्यासारखंच वाटतं. हातभर अंतरावर जमिनीवर बसा. मूल जवळ येऊ देत असेल तर पाठीवर हात ठेवा, नसेल तर नुसते बसा. बसायला जागा नसेल तर निदान गुडघ्यावर या.

३. मोजके शब्द बोला, फार तर दोनदा. "तुला अजून खेळायचं होतं. आता घरी जायचंय. मी इथेच आहे." बस. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. आपण समजावत राहतो: काल आणलं होतं ना, दात किडतील, ते बघ ते काका बघतायत, तू शहाणा आहेस ना. त्या वेळी मुलाच्या कानात यातलं काही शिरत नाही. शिरतो तो फक्त आवाज, आणि आवाजाने राग वाढतो.

४. हात उगारला तर हात धरा. मुलाचा हात, घट्ट पण न दुखवता. "मी मारू देणार नाही" एवढंच शांतपणे म्हणा. "आईला मारतात का? लाज नाही वाटत?" हे प्रश्न त्या क्षणी निरुपयोगी आहेत. आणि "मग मी पण मारते बघ" म्हणत परत चापट देणं म्हणजे हात उगारणं चालतं असा धडाच देणं.

५. वाट बघा. मिनेसोटा विद्यापीठातले मायकेल पोटेगल यांनी दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या अशा शेकडो झटक्यांचा बारकाईने अभ्यास केला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले साधारण तीन चतुर्थांश झटके पाच मिनिटांच्या आत संपले होते. आपल्याला ती पाच मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात. एकदा घड्याळाकडे बघून मोजाच. पुष्कळ आईवडिलांना तेवढ्यानेच धीर येतो.

६. सूर बदलला की हात पुढे करा. त्याच अभ्यासातली ही सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. राग सुरुवातीलाच टोकाला जातो आणि ओसरतो. मागे राहतं ते वाईट वाटणं. किंकाळ्या थांबून रडं खोल, हुंदक्यांचं होतं, मूल तुमच्याकडे बघतं, नाक ओढतं. हा क्षण ओळखायला शिका. रागाच्या भरात मिठी मारायला गेलात तर लाथ बसते. आता मात्र तेच मूल कुशीत येतं.

७. पाणी, तोंड पुसणं आणि पुढचं काम. लगेच शिकवण नको, लगेच चॉकलेटही नको. भांडण "खेळणी उचल" यावरून सुरू झालं असेल तर ते काम माफ करू नका, लहान करा: "चल, गाड्या तू उचल, ठोकळे मी उचलते." काम सुटलं तर रडणं हा काम टाळायचा उपाय ठरतो.

त्या प्रसंगाविषयी बोलायचं ते संध्याकाळी किंवा रात्री अंथरुणात, दोन-तीन वाक्यांत. "मघाशी दुकानात तुला खूप राग आला होता. राग आला तर चालतं. फेकायचं नाही. पुढच्या वेळी काय करू या?" पाय जोरात आपटायचे, उशी दाबायची, मेणबत्ती विझवल्यासारखी लांब फुंकर मारायची, "मला राग आलाय" असं मोठ्याने म्हणायचं, यातलं एक निवडू द्या आणि मूल आनंदात असताना खेळासारखं घोटून घ्या. ऐन रागात नवं काही शिकता येत नाही. आधी दहा वेळा खेळलेलं तेवढं आठवतं.

इथे भाषेचा फार उपयोग होतो, आणि आपल्याकडे शब्दांची श्रीमंती आहे. राग आला, रुसलास, कंटाळलास, दमलास, घाबरलास, वाईट वाटलं, हिरमोड झाला, हेवा वाटला. हे सगळे शब्द साडेतीन वर्षांच्या मुलाला समजतात. पण घरात त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच येतो: हट्टी. तो त्याच्या भावनेचं नाव नाही, त्याच्यावर मारलेला शिक्का आहे. दिवसभरात जाता जाता बाकीचे शब्द वापरा, स्वतःबद्दलही: "आज बस चुकली, माझा हिरमोड झाला." ज्याला "मी दमलोय" म्हणता येतं, त्याला ते अंग टाकून सांगावं लागत नाही.

दुकानात, एसटीत, लग्नघरात

घरी सगळं जमतं आणि चार लोकांत हात टेकतात, कारण तिथे आपण मुलाकडे कमी आणि बघणाऱ्यांकडे जास्त लक्ष देतो. शक्य असेल तर मुलाला उचलून बाजूला जा: दुकानाच्या पायरीवर, कार्यालयाच्या मागच्या अंगणात, जिन्यात. सामान गल्ल्यावर ठेवून "पाच मिनिटांत येते" म्हटलं तर बहुतेक दुकानदार समजून घेतात. बस किंवा लोकलमध्ये उतरता येत नाही, तिथे मांडीवर घेऊन खिडकीकडे तोंड करून बसा आणि गप्प राहा. सल्ला देणाऱ्यांना "दमलाय हो तो" एवढं उत्तर पुरे. अनोळखी मावशींनी गोळी पुढे केली तर हसून पर्समध्ये ठेवा.

निघण्याआधी केलेला करार सगळ्यात कामाचा: "आपण डाळ, साबण आणि तुझा एक बिस्किटपुडा घेणार आहोत. पुडा तू निवडायचा." लग्नाला जाताना मुलाच्या जेवणाची वेळ पंगतीवर सोडू नका. दुपारचे दोन वाजले तरी पंगत बसलेली नसते, आणि डब्यातल्या दहीभाताने पुष्कळ आकांत टळतात.

घरात मोठी माणसं चार, नियम एक

आईवडिलांच्या तक्रारी ऐकताना मला सगळ्यात जास्त गुंता इथे दिसतो. आई नाही म्हणते, मूल आजीकडे बघून रडतं, आजी बिस्किट देते. आई चिडते, बाबा आईला म्हणतात "जाऊ दे ना", आजोबा टीव्हीचा आवाज वाढवतात. मुलाच्या बाजूने बघा: त्याने खोटेपणा केलेला नाही. कोणतं दार उघडतं हे त्याने शोधून काढलं, इतकंच.

आणि कधी तरी मिळणं हे कायम मिळण्यापेक्षा जास्त घातक असतं. दहादा नाही आणि अकराव्यांदा हो झालं, तर मूल पुढच्या वेळी अकराव्यापर्यंत रडणार. म्हणून:

- सगळ्यांनी मिळून फक्त तीन पक्के नकार ठरवा. उदाहरणार्थ मारायचं नाही, जेवताना मोबाइल नाही, रस्त्यावर हात सोडायचा नाही. पंधरा नियम कुणालाच पाळता येत नाहीत. हे तीन फ्रिजवर चित्र काढून लावा.
- बाकी गोष्टींत द्यायचं असेल तर पहिल्याच मागणीला द्या. "बिस्किट?" या प्रश्नाला "हो" म्हणायला हरकत नसेल तर लगेच म्हणा. रडल्यावर विरघळायचं असेल तर आधी नाही म्हणूच नका.
- कुणी नाही म्हटलं असेल तर दुसऱ्याने मुलासमोर ते मोडायचं नाही. मतभेद मूल झोपल्यावर.
- आजी-आजोबांकडे त्यांच्या हक्काचे लाड असू द्या: गोष्ट, पाठीवर घेणं, संध्याकाळची चक्कर, रविवारचा खाऊ. लाड काढून घेतले तर ते दुखावतात, आणि दुखावलेलं माणूस नियम पाळत नाही.

सासूबाईंशी बोलायचं कसं, हे अनेक जणी विचारतात. दोष न देता आणि प्रसंग थंड झाल्यावर: "आई, तुम्ही त्याला बिस्किट दिलंत याचा मला राग नाही. फक्त रडायच्या आधी देऊ या, रडल्यावर नको. नाहीतर प्रत्येक वेळी त्याला रडावं लागेल." हे वाक्य शक्यतो मुलाच्या बाबांनी स्वतःच्या आईला सांगावं. सुनेने सांगितलं की ती तक्रार वाटते, मुलाने सांगितलं की ती चर्चा होते. योग्य आहे की नाही हा मुद्दा वेगळा, पण घराघरांत असंच घडतं, आणि सध्या तुमच्या मुलाला निकाल हवा आहे.

आठवडाभर एक वही ठेवा

उपाय शोधण्याआधी सात दिवस नोंदी करा. प्रत्येक प्रसंगाला पाचच गोष्टी: वेळ, आधी काय चाललं होतं, काय हवं होतं, किती मिनिटं चाललं, शेवटी कुणी काय केलं. सातव्या दिवशी पानं उलटलीत की वेळा एकमेकींवर चढलेल्या दिसतील. बहुतेक घरांत त्या पुढच्या चार ठिकाणी सापडतात.

शाळेतून आल्यावर. डब्यातलं अर्धं परत आलेलं असतं, तीन तास शहाण्यासारखं वागून झालेलं असतं. घरात शिरल्यावर गणवेश, हातपाय, दप्तर यांच्या आधी खायला द्या. रिक्षातून उतरताच अर्धं केळं किंवा एक लाडू. "आज काय शिकवलं?" हा प्रश्न अर्धा तास थांबू शकतो.

संध्याकाळी सात ते नऊ. हे झोपेचं गणित आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात, दुपारची डुलकी धरून, १० ते १३ तास झोप लागते. शाळेसाठी साडेसहाला उठणारं आणि दुपारी न झोपणारं मूल रात्री साडेआठला अंथरुणात असायला हवं. आपल्याकडे बाबा साडेआठला घरी येतात, जेवणं साडेनऊला, दिवा साडेदहाला बंद. म्हणजे रोजचे दोन तास कमी. तो दोन तासांचा तुटवडा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रडून बाहेर पडतो. मुलाचं जेवण मोठ्यांच्या आधी, साडेसातला उरका. बाबांची भेट सकाळी हलवा: आंघोळ त्यांनी घालायची, बसपर्यंत त्यांनी सोडायचं. सगळे एकत्र जेवायला रविवार आहे. एवढा एकच बदल केलेल्या घरांतून "निम्मं रडं गेलं" असं मी अनेकदा ऐकलं आहे.

एका कामातून दुसऱ्यात जाताना. खेळातून आंघोळ, बागेतून घर, झोपेतून शाळा. "पाच मिनिटांत निघू" याचा चार वर्षांच्या मुलाला काही अर्थ नाही. "अजून तीन घसरगुंड्या" याचा आहे. बोटांवर मोजून दाखवा, तिसरी झाली की निघा, चौथी देऊ नका. निवडायला दोनच गोष्टी द्या आणि दोन्ही तुम्हाला चालणाऱ्या: "चालत येतोस की कडेवर?" "येतोस का?" असं विचारू नका, कारण नाही हेही त्याचं रास्त उत्तर आहे.

मोबाइल काढून घेताना. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला एका तासाहून जास्त वेळ बसून स्क्रीन बघू नये, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, ती सोय आधी बंद करा. "दहा मिनिटं" ऐवजी "ही एक गोष्ट संपली की" असं सांगा आणि बंद करायचं बटण मुलालाच दाबू द्या. रडं थांबवण्यासाठी मोबाइल देणं हा सगळ्यात महागडा उपाय. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या ४२२ पालकांकडून काही महिने माहिती घेतली. शांत करण्यासाठी वरचेवर स्क्रीन हातात दिलेल्या मुलांमध्ये, विशेषतः मुलग्यांमध्ये, भावनांचे चढउतार वाढलेले दिसले. रडं थांबतं हे खरं. पण स्वतःला शांत करण्याचा सराव त्या वेळी बुडतो.

हे करू नका

- मारणं. मूल गप्प होतं ते भीतीने. चार दिवसांनी तोच हात धाकट्या बहिणीवर पडतो. तुमचा हात कधी सुटला असेल तर रात्री मुलाला सांगा: "मी तुला मारलं ते चुकलं. मला राग आला होता, पण मारायला नको होतं." याने तुमचा मान कमी होत नाही.
- पोलिस, डॉक्टर, बागुलबुवा यांची भीती घालणं. "पोलिसकाका पकडून नेतील" ऐकत वाढलेलं मूल जत्रेत हरवलं तर पोलिसापासूनच लपेल. "डॉक्टर सुई टोचतील" ऐकलेलं मूल तपासू देणार नाही.
- "मी चालले तुला सोडून." मुलाला हे खरं वाटतं. पुढचे कितीतरी दिवस ते पदर सोडत नाही आणि आपल्याला वाटतं नवाच हट्ट सुरू झाला.
- अंधाऱ्या खोलीत किंवा बाथरूममध्ये कोंडणं. कधीही नाही.
- शांत व्हावं, झोपावं म्हणून सर्दीचं औषध पाजणं. ही सवय आपण समजतो त्यापेक्षा जास्त घरांत आहे. सर्दीच्या सिरपमध्ये सर्रास असणारं क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिले. घुटीत अफू उगाळण्याची जुनी रीतही जिवावर बेतणारी आहे.

दृष्ट काढल्याने घरातल्यांचं मन निवत असेल तर मीठमोहरी ओवाळू द्या. धुरापासून मूल दूर ठेवा, आणि त्यापायी डॉक्टरांची भेट लांबणीवर टाकू नका.

रडता रडता श्वास अडकला, ओठ निळे पडले

हा प्रसंग ज्यांनी पाहिला आहे ते पुढे मुलाला नाही म्हणायलाच धजत नाहीत. मूल जोरात रडतं, श्वास बाहेर टाकतं आणि आत घेतच नाही. ओठ निळे पडतात, अंग सैल होतं, क्वचित काही सेकंद हातपाय ताठ होतात. मूल हे मुद्दाम करत नाही. बहुतेक वेळा एका मिनिटाच्या आत श्वास आपोआप सुरू होतो आणि मूल सावध होतं.

त्या वेळी मुलाला कुशीवर आडवं करा, तोंडात काही असेल तर दिसणारं तेवढंच काढा आणि शेजारी थांबा. गदगदा हलवणं, तोंडावर पाणी मारणं, दातांमध्ये चमचा घालणं, कांदा किंवा चप्पल हुंगवणं यातलं काहीच करू नका. मिनिटभरात सावध झालं नाही किंवा झटके चालूच राहिले तर १०८ ला फोन करा.

पहिल्यांदा असं झालं की बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि रक्त तपासायला सांगा. लोहाच्या कमतरतेचा या त्रासाशी संबंध आहे आणि कमतरता भरून काढली की पुष्कळ मुलांचे झटके कमी होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली, त्यामुळे ही तपासणी टाळू नका. मूल निळं न पडता पांढरं फटक पडत असेल, धावताना असं होत असेल किंवा घराण्यात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर ते आवर्जून सांगा. हृदयाची तपासणी लागते.

तपासण्या ठीक आल्या की नकार पूर्वीसारखाच द्यायचा. श्वास अडकेल या भीतीने सगळं देत गेलात तर रडण्याचे प्रसंग वाढतात आणि श्वास अडकण्याचेही.

डॉक्टरांकडे कधी जायचं

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या २७९ मुलांचा अभ्यास झाला. त्यातून आलेल्या खुणा घरी तपासता येतात. पुढीलपैकी एखादी जरी नेहमी दिसत असेल तरी थांबू नका:

- स्वतःला इजा करणं: डोकं आपटणं, चावणं, ओरबाडणं.
- निम्म्याहून जास्त वेळा माणसांना मारणं किंवा वस्तू फोडणं.
- झटका सरासरी २५ मिनिटांहून लांब चालणं.
- महिनाभरात दहा-वीस मोठे झटके येणं, किंवा बऱ्याच दिवशी दिवसाला पाचाहून जास्त.
- मोठ्यांच्या मदतीशिवाय कधीच शांत न होणं.

भुकेल्या, आजारी किंवा फार दमलेल्या दिवशीचे प्रसंग यात धरू नका. याशिवाय हाक मारल्यावर न बघणं, तिसरं वर्ष संपूनही दोन-तीन शब्दांचं वाक्य न जोडणं, येत असलेले शब्द जाणं, मिक्सर किंवा फटाक्यांच्या आवाजाने हमखास कोसळणं, रात्री घोरणं, सतत पोट फुगणं यांतलं काहीही असेल तर सांगा. कमी ऐकू येणारं मूल "ऐकतच नाही" म्हणून मार खात राहतं, असं फार वेळा घडतं.

खासगी बालरोगतज्ज्ञ परवडत नसतील तर सरकारी वाट आहे आणि ती मोफत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा मुलं तपासतात आणि गरज असल्यास जिल्हा स्तरावरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. श्रवण, वाचा, वर्तन यांची तपासणी तिथे एका छताखाली होते. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना पुढची तारीख विचारा. पथकाची वाट न बघता थेट जिल्हा रुग्णालयातही चौकशी करता येते.

शाळा आणि पाळणाघराशी बोलताना

मूल शाळेत शांत आणि घरी वादळ असेल तर घाबरू नका. दिवसभर आवरून धरलेलं ते भरवशाच्या माणसापाशी सोडतं. उलट असेल, म्हणजे घरी ठीक आणि शाळेत रोज आकांत, तर बाईंना विचारा: कोणत्या वेळी, कुणाजवळ, काय चालू असताना? "तुमचं मूल हट्टी आहे" यावर संभाषण संपू देऊ नका. तुमची वही दाखवा, त्यांनाही आठवडाभर तशाच नोंदी करायला सांगा.

मारणं, कोंडणं, उपाशी ठेवणं हा शिस्तीचा भाग नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार ताब्यातल्या मुलावर क्रूरता करणं हा गुन्हा आहे, आणि मुलांच्या सांभाळाची जबाबदारी असलेल्या संस्थेतल्या व्यक्तीने तो केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शंका आली तर मुलाला खोदून खोदून विचारू नका. ते जेवढं सांगेल तेवढं त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, खुणा दिसत असतील तर फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा आणि संस्थेला लेखी विचारा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक चोवीस तास चालतो.

तुमचा पारा चढतो तेव्हा

दिवसभर काम करून, गर्दीतून घरी येऊन, कुकर लावता लावता हे सगळं पाळायचं आहे, याची मला जाणीव आहे. घरात दुसरं मोठं माणूस असेल तर एक परवलीचा शब्द ठरवा. "चहा" म्हटलं की दुसऱ्याने यायचं आणि पहिल्याने काही न बोलता बाहेर जायचं. एकटेच असाल आणि हात शिवशिवायला लागले तर मुलाला सुरक्षित जागी बसवून दाराबाहेर दोन मिनिटं उभे राहा, दार उघडं ठेवून. तोंडावर पाणी मारा. मुलाचं रडं दोन मिनिटं जास्त चाललं तरी चालेल.

रोज रडू येतं, मूल नकोसं वाटतं, झोप उडाली आहे, असं असेल तर ते लपवू नका. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

पहिला आठवडा जड जाईल

आजवर रडल्यावर मिळत होतं आणि आता मिळत नाही म्हटल्यावर मूल आधी जोर वाढवून बघतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडं पूर्वीपेक्षा मोठं आणि लांब होतं. बहुतेक घरं नेमकी इथेच माघार घेतात, "हे आमच्या मुलाला लागू पडत नाही" म्हणून. ते दिवस आधीच हेरून ठेवा: पाहुणे, प्रवास, परीक्षा, सणवार नसलेला आठवडा निवडा, शेजाऱ्यांना कल्पना द्या, आजी-आजोबांना आधी सांगून ठेवा की आवाज वाढणार आहे.

वही मात्र चालू ठेवा. चौथ्या आठवड्याची पानं पहिल्याच्या शेजारी ठेवून प्रसंग आणि मिनिटं मोजा. आकडे खाली आले नसतील तर तीच वही घेऊन डॉक्टरांकडे जा. "फार चिडतो हो" यापेक्षा त्या पानांतून त्यांना पुष्कळ जास्त कळेल.